चषकावर न कोरलेली नावे
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



भिलाईच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रुळाच्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरे असतात. कारखान्याची खूण, छेदाचे माप, रूळ लाटला गेला तो महिना व वर्ष. आणि शिवाय कोणत्या हीटमधील पोलाद आहे त्याचा क्रमांक. पुढे शेकडो कोस दूर, एखाद्या घाटात तो रूळ तडकला, तरी ही अक्षरे वाचून त्याची जन्मकथा उलट्या दिशेने थेट भट्टीपर्यंत नेता येते. या गावात वाढलेल्या मुलांना हे निराळे शिकवावे लागत नाही.

वारशाने आलेल्या जुन्या चांदीच्या चषकाचे वाचन याच जातीचे आहे. धातू बोलतो, पण विचारले तेवढेच बोलतो. आणि ज्याने पैसे मोजले त्याच्याच बाजूने बोलतो. आजच्या विषयाचा सारा गाभा या दुसऱ्या गोष्टीत आहे.

१९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्या वर्षांत नागपूर, वऱ्हाड, पुणे, कोकण अशा ठिकठिकाणांहून मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. तत्पूर्वीही हा मुलूख मराठीला परका नव्हता. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांचा अंमल १७५८ पासूनचा. आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. येणाऱ्या माणसांनी ट्रंकांतून देव आणले, पोथ्या आणल्या, तांब्या-पितळेची भांडी आणली, आणि क्वचित कुणी एखादी अशी वस्तूही आणली, जिचे नेमके काय करावे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. घोड्यांच्या शर्यतीचा चषक ही अशीच वस्तू. तो शोकेसमध्ये ठेवला तर पाहुणे विचारतात. विचारले की उत्तर ठरलेले असते: पणजोबांनी घोड्यावर बसून जिंकला.

हे उत्तर बहुधा चुकीचे असते. शर्यतीचा चषक मिळतो तो घोड्याच्या मालकाला. घोड्यावर बसतो तो जॉकी; त्याला त्याचे वेतन आणि बक्षिसातील वाटा. मराठी लष्करी भाषेत यासाठी दोन नेमके शब्द होते. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. धन्याच्या पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. चषकावर नाव कोरले जाते शिलेदाराचे. पणजोबांकडे घोडा नसेल, तर चषक घरात कसा आला याचे दुसरे कारण शोधावे लागते. ते क्लबाच्या कचेरीत कारकून असतील आणि निवृत्तीच्या दिवशी भेट मिळाली असेल, संस्थानाच्या पागेत असतील, पशुवैद्य असतील, किंवा एखाद्या पडत्या घराण्याच्या लिलावात त्यांनी चांदीच्या भावाने तो उचलला असेल. यातील कोणतेही उत्तर पणजोबांना कमीपणा आणणारे नाही. मात्र खोटे उत्तर तीन पिढ्या सांगितले गेले की खरे उत्तर ऐकून घेण्याची घराची तयारी राहत नाही.

आणखी एक भीती असते, तिचा उल्लेख केलेला बरा. ‘रेसचा नाद’ हे शब्द मराठी मध्यमवर्गीय घरांत खालच्या आवाजात उच्चारले जात. त्या नादापायी दागिने गेले, घरे गेली, हे खोटे नाही. म्हणून कित्येक घरांत असा चषक माळ्यावरच पडून राहिला. पण पैसे लावणाऱ्याच्या हाती तिकीट येते, चषक येत नाही. चषक सापडला म्हणजे घरात जुगारी होता, असा निष्कर्ष निघत नाही.

तर पहिले काम: चषक घासू नये. चिंच, राख, रांगोळी यांनी भांडी लखलखतात, परंतु प्रत्येक घासणीबरोबर कोरीव अक्षराची कड झिजते. मऊ कापडाने धूळ पुसावी, खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावा आणि बुडाशी किंवा काठाखाली असलेले बारीक ठसे भिंगाने पाहावेत. इंग्लंडात घडलेल्या अस्सल चांदीवर चालता सिंह असतो. त्याचा अर्थ शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. शेजारी ज्या नगरात चांदी तपासली त्याची खूण: लंडनचे बिबट्याचे मस्तक, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा जुन्या काळचा मुकुट. मग कारागिराची आद्याक्षरे आणि एक सुटे अक्षर. हे सुटे अक्षर दरवर्षी बदलत असे, त्यामुळे त्यावरून साल काढता येते. राजा किंवा राणीचे मुखही उमटलेले असेल तर चषक १७८४ ते १८९० या काळातला. चांदीवरील कर भरल्याची ती पावती होय. ‘ईपीएनएस’ अशी चार रोमन अक्षरे दिसली तर मात्र आत निकेलमिश्रित धातू आणि वर चांदीचा पातळ मुलामा. अशा वेळी घरात थोडी निराशा पसरते. तिला अर्थ नाही. सराफाच्या दृष्टीने तो चषक हलका ठरेल, इतिहासाच्या दृष्टीने नाही.

हिंदुस्थानात घडलेल्या चांदीला असे सरकारी ठसे नव्हते. पेढीवाले आपापले नाव उमटवीत: कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे ऑर, कच्छमधील भुजचे उमरसी मावजी. उमरसींच्या कामावर ‘ओ.एम. भुज’ अशी रोमन अक्षरांतील खूण आढळते, आणि त्या वेलबुट्टीची बारकाई पाहिली की इंग्रज साहेब चहाची भांडी कच्छहून का मागवीत हे कळते.

येथे एक सापळा आहे. ठशावरून निघते ते चांदी तपासल्याचे साल, शर्यतीचे नव्हे. दुकानात तयार चषक चार-पाच वर्षे पडून असत आणि विक्रीच्या वेळी त्यांवर मजकूर कोरला जाई. दुसरा सापळा शर्यतीच्या नावाचा. ‘प्लेट’ नावाच्या शर्यतीत थाळी मिळतेच असे नाही, आणि ‘पर्स’ नावाच्या शर्यतीत थैलीही नाही. ती केवळ शर्यतींच्या प्रकारांची नावे. तिसरा सापळा फिरत्या चषकाचा. असा चषक वर्षभर विजेत्याकडे राही आणि परत जाई. घरात कायमची राही ती लहान प्रतिकृती. म्हणून घरातील चषक वीतभर असून त्यावरील शर्यतीचे नाव फार मोठे असेल तर गोंधळून जाऊ नये.

कोरीव मजकुरात सहसा चार गोष्टी सापडतात: शर्यत, स्थळ, वर्ष, मालक. घोड्याचे नाव असेलच असे नाही. स्थळ मुंबई असेल तर वर्षाकडे नीट पाहावे. बॉम्बे टर्फ क्लबाची सुरुवात १८०२ मध्ये भायखळ्याला झाली. शर्यती महालक्ष्मीच्या मैदानावर गेल्या त्या १८८३ मध्ये. पुण्याच्या लष्करी छावणीतले मैदान १८३० चे. क्लबाच्या नावामागे ‘रॉयल’ लागले १९३५ मध्ये. त्यापूर्वीच्या तारखेच्या चषकावर हा शब्द आढळला तर मजकूर नंतर कोरला गेला असे समजावे. भायखळ्याच्या काळात धावणारे घोडे बहुतांशी आखाती बंदरांतून गलबतांनी येणारे अरबी. पुढे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचे ‘वेलर’ आले. त्यामुळे जुन्या चषकांवर ‘अरब’ हा शब्द दिसतो, तो स्वाराची जात सांगत नाही, घोड्याची सांगतो. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा, ज्याच्या पाठीवर मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली, तो या मैदानांवर गवसत नाही. सपाट हिरवळीवर दोन मिनिटे सुसाट धावणे हे त्याचे काम नव्हते. दिवसाला वीस कोस, मिळेल त्या वैरणीवर, हे त्याचे काम होते.

आता मजकुरावरून माणसांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न. त्यासाठी ज्याची कागदपत्रे भरपूर आहेत असे एक घराणे उदाहरणादाखल घेणे सोयीचे. आणि ते मराठीच आहे. बडोद्याचे गायकवाड.

१९४३ साली महालक्ष्मीवर इंडियन डर्बी पहिल्यांदा धावली. जिंकणारी घोडी ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव. स्वार एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन जॉकी. युद्ध संपताच महाराजांनी आपला व्यवहार इंग्लंडात नेला. न्यूमार्केट येथील वॉरन प्लेस ही जागा घेतली, सॅम आर्मस्ट्राँग या प्रशिक्षकाकडे घोडे सोपवले आणि ब्रिटला तिकडे बोलावून घेतले. १९४५ च्या लिलावात त्यांनी वर्षभराचे एक शिंगरू २८,००० गिनींना घेतले. त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकलेल्या ‘दांते’ या घोड्याचा तो सख्खा भाऊ. बाप एकच, नेआर्को, आणि आईही एकच, रोझी लेजंड. वर्षभराच्या शिंगरासाठी इंग्लंडातील लिलावात तोवर कुणी एवढी रक्कम मोजली नव्हती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा २९,४०० पौंड. रुपयाचा दर दीड शिलिंग होता. हिशेब केला तर ३ लाख ९२ हजार रुपये होतात.

त्या शिंगराचे नाव ठेवले ‘सयाजीराव’.

श्रोतेहो, शाळेच्या या मंडपात हे नाव वेगळ्या रीतीने ऐकू येते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तो अक्षरओळख नसताना. शिकला, राजा झाला, आणि १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये सर्व राज्यात त्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. गावोगाव वाचनालये काढली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. हे महाराज तिसरे सयाजीराव १९३९ मध्ये निवर्तले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. आजोबांचे नाव नातवाने घोड्याला दिले.

तो घोडा १९४७ मध्ये धावला. टू थाउजंड गिनीज या शर्यतीत तिसरा, एप्समच्या डर्बीत तिसरा, मग आयर्लंडची डर्बी त्याने जिंकली. आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच सप्टेंबरात डॉन्कास्टर येथील सेंट लेजर. ही शर्यत १७७६ पासूनची. इंग्लंडातील पाच मानाच्या शर्यतींपैकी सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब, पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. ‘सयाजीराव’ ती अवघ्या डोक्याइतक्या अंतराने जिंकला; मागे राहिलेला घोडा ‘आर्बार’. स्वार पुन्हा ब्रिट. पुढच्या वर्षी ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकून दिली. याही घोड्याची एक गंमत आहे. फ्रान्समध्ये जन्मला तेव्हा त्याचे नाव ‘लेरिन्स’ होते; चषकावरचे नाव घेऊन जन्मनोंद शोधायला गेले तर ती सापडणार नाही.

एवढ्यावर थांबले तर ही विजयगाथा होते. चषक एवढेच सांगतो. परंतु त्याच वर्षांची बडोद्याची दप्तरे शेजारी ठेवली की दुसरा मजकूर उघडतो. संस्थानात लोकप्रतिनिधी खजिन्याचा हिशेब मागू लागले होते. महाराजांनी उचललेल्या मोठ्या रकमांचा प्रश्न विलीनीकरणाच्या वाटाघाटींत उभा राहिला. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली व ती पुत्र फत्तेसिंहराव यांना दिली. प्रतापसिंहराव १९६८ मध्ये लंडनला वारले.

मग निकाल काय द्यावा? ज्या आजोबांनी प्रजेच्या मुलांना दंड लावून शाळेत बसवले, त्यांच्या नावाने नातवाने चार लाखांचे शिंगरू पळवले, असे म्हणून मोकळे होता येईल, पुष्कळांनी म्हटलेही. तथापि कागद आणखी एक गोष्ट दाखवतात, आणि ती लपवणे अन्यायाचे ठरेल. १९४९ मध्येच बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. आजोबांची जुनी इच्छा पुरी करणारे ते याच नातवाच्या हातून. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. स्त्री-पुरुष एकत्र शिकत असलेल्या विद्यापीठाची कुलगुरू झालेली भारतातली पहिली स्त्री. शिक्षणासाठी प्रतापसिंहरावांनी जो न्यास करून ठेवला, त्याच्या नावात ‘सर सयाजीराव डायमंड ज्युबिली’ हे शब्द आहेत. आजोबांच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाची ती आठवण. एकच नाव, एकाच माणसाने, दोनच वर्षांच्या अंतराने, एका चषकाशी आणि एका विद्यापीठाशी जोडले. घराण्याचा वारस यांतील एकच वस्तू दिवाणखान्यात ठेवू शकतो, ही त्याची अडचण. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावीत.

मालकाचे नाव किती तात्पुरते असते याचा याहून स्वच्छ दाखला शेजारच्या राजपिपळ्याचा. महाराज विजयसिंहांच्या ‘विंडसर लॅड’ने १९३४ ची एप्सम डर्बी जिंकली. त्याच मोसमात तो घोडा ५०,००० पौंडांना विकला गेला आणि सप्टेंबरातील सेंट लेजर त्याने नव्या मालकाच्या नावाने जिंकली. घोडा तोच, स्वारही तोच, चार्ली स्मर्क. मालक मात्र दोन. आणि चौदा वर्षांनी ‘माय बाबू’च्या पाठीवर बसलेला स्वारही हाच स्मर्क.

स्वारांची नावे निदान वर्तमानपत्रांत सापडतात. पांडू खाडे, वसंत शिंदे ही मराठी नावे महालक्ष्मी आणि पुण्याच्या निकालांत वाचायला मिळतात. एडगर ब्रिट तर शंभरी ओलांडून २०१७ पर्यंत जगला. संस्थान, महाराज, घोडा, सारे त्याच्या डोळ्यांदेखत इतिहासजमा झाले. पण खाली उतरत गेले की कागद विरळ होतो. पहाटे चारला तबेल्यात शिरणारा, घोड्याच्या पायाची ऊब हाताने पाहून आज धावेल की नाही हे सांगणारा मोतद्दार. खरारा करणारा, नाल मारणारा, रातिब भिजवणारा. जुन्या पागेत घोडे शिकवणारा चाबूकस्वार असे, त्याचे निदान आडनाव तरी उरले. मोतद्दाराचे नाव पगारपत्रकावर एकदा लिहिले गेले आणि गड्डा बांधून ठेवला गेला. चषक ज्या घरात आला ते घर यांपैकी कुणाचे असेल, तर वर्तमानपत्र उपयोगाचे नाही. पगारपत्रकच पाहिले पाहिजे. संस्थानी दप्तरे, मुंबई, पुणे, नागपूर येथील पुराभिलेख कार्यालये, वडोदऱ्यातील बडोदा राज्याचे दप्तर, या त्यासाठीच्या जागा. निकालासाठी जुने इंग्रजी दैनिक आणि क्लबाचे रेसिंग कॅलेंडर. वंशावळीसाठी घोड्यांची स्टडबुके. इंग्लंडातले जनरल स्टडबुक १७९१ पासूनचे आहे. घोड्याच्या आज्याची पणजी त्यात सापडते. माणसाच्या बाबतीत इतकी सोय नाही.

ही कामे करताना घरातल्या वृद्धांना आधी विचारावे, कार्यालयांना नंतर. प्रश्नही नीट निवडावा. ‘चषक कुणी जिंकला?’ असे विचारले की ठरलेले उत्तर येते. ‘चषक आधी कुठल्या घरात होता, कोणत्या फडताळात, आणि त्यात काय ठेवत?’ असे विचारले की आठवण हलू लागते. कुठल्या तरी आजी सांगतात की त्यात हळकुंडे असत. दुसऱ्या म्हणतात, नाही, वाण्याच्या पावत्या. पावत्यांवर गाव असते, तारीख असते. आणि ते गाव एखाद्या संस्थानाच्या पागेचे निघाले तर पणजोबा तिथे काय करीत होते, हे विचारण्याची वेळ आलेली असते.

जे सापडेल ते साध्या कागदावर लिहावे: ठशांचे चित्र, वजन, कोरीव मजकूर जसाच्या तसा, चुकीच्या शुद्धलेखनासह, कुणी काय सांगितले, कोणत्या दिवशी सांगितले, आणि जिथे धागा तुटला तिथे तो तुटला असे. कागदाची घडी करून ती चषकाच्या आतच ठेवावी. शोकेसची काच उघडून चषक खाली घेणाऱ्या पुढच्या मुलाच्या हाताला ती आपोआप लागेल.